सोळा पाकिटांचा हिशेब



केंद्रावरच्या ताईंनी आजच्या भाषणाचा विषय सांगितला, 'उत्पादनातली नासाडी आणि कामाची बचत'. ऐकून तुम्हाला वाटलं असेल, हे काहीतरी कारखान्यातलं, एमआयडीसीतल्या साहेब लोकांचं. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, एक वजनाचा काटा, एक पाकिटं चिकटवायचं मशिन आणि अकरा बायका. लाल तिखट आणि कांदा-लसूण मसाला करतो आम्ही. होळीपासून पाऊस पडेपर्यंत आमचा हंगाम. त्या दिवसांत आमच्या गल्लीतून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढं जात नाही.

पण नासाडी आमच्याकडंही होती. आणि ती पैशांवर थांबली नाही, एका बाईच्या अब्रूपर्यंत गेली. म्हणून आम्ही ठरवलं की विषय साहेबांचा असला तरी बोलायचं आपणच. गट समन्वयक म्हणून बोलणारा आवाज एकीचा आहे, पण हे सगळ्या अकरा जणींनी मिळून लिहून काढलंय. जिथं चूक सांगायची आहे तिथंही 'आम्ही'च म्हणणार आहोत, कारण चूक सगळ्यांची होती.

गोष्ट दुसऱ्या हंगामाची. पहिलं वर्ष कौतुकात गेलं. नातेवाइकांनी घेतलं, शाळेच्या बाईंनी घेतलं, हिशेब कुणी फारसा पाहिला नाही. दुसऱ्या वर्षी बँकेचं कर्ज काढलं आणि हप्ता सुरू झाला. हप्ता सुरू झाला की वही बोलायला लागते. अक्षय्य तृतीयेच्या आधी बसून आम्ही हिशेब मांडला. एका खेपेला बाजारातून वीस किलो मिरची येते. किलोभर देठात जाईल असं धरलं. राहिली एकोणीस किलो. दोनशे ग्रॅमचं पाकीट, म्हणजे ९५ पाकिटं व्हायला हवीत. वहीत पाकिटं होती ७९.

सोळा पाकिटं कमी. शंभर रुपयाला एक पाकीट, म्हणजे खेपेला सोळाशे रुपये. हंगामात अशा दहा खेपा. सोळा हजार रुपये! आम्ही बेरीज तीनदा केली. दहावी झालेल्या दोघींनी केली, मोबाइलवर केली. आकडा तोच.

मग जे होतं तेच झालं. कुणीतरी विचारलं, "मिरची वाळत कुठं घालतो आपण?" मिरची वाळत घालायचो आमच्यातल्या एका मावशींच्या माडीवर, कारण त्यांच्याकडं सिमेंटचा स्लॅब आहे, बाकीच्यांकडं पत्रे. कांडपाला घेऊन जायच्याही त्याच, कारण कांडपवाला त्यांच्या ओळखीचा. मावशी एकट्या राहतात. लेक पुण्याला, सून-मुलगा वेगळे. एवढं पुरे झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आपल्याकडं तोंडावर बोलतच नाहीत, पण नळावर बोलतात, गिरणीत बोलतात. 'कुणाला सांगू नको' म्हणत सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. आणि आम्ही, म्हणजे वही ज्यांच्या हातात होती त्यांनी, त्या खेपेपुढं लिहिलं, 'तूट ३ किलो २०० ग्रॅम', आणि कंसात मावशींचं नाव. नुसतं नाव. आरोप नव्हता तो, असं आम्ही तेव्हा म्हणत होतो.

पुढच्या मंगळवारच्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. त्यांच्या सुनेबरोबर बचतीचं पासबुक आलं. "आत्यांनी सांगितलंय, माझे साठलेले तेवढे परत द्या."

आम्ही पैसे दिले नाहीत, पासबुकही परत केलं नाही. कपाटात ठेवून दिलं. धीर झाला नाही, खरं सांगायचं तर.

त्याच महिन्यात तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. आमच्यातल्या दोघी गेल्या. जेवण चांगलं असतं म्हणून जातो आम्ही अशा ठिकाणी, लाज कसली त्यात. तिथं शिकवणारे सर जपानच्या टोयोटा मोटारकंपनीबद्दल बोलायला लागले, तेव्हा आमच्या शेजारच्या गटातल्या काकू डुलक्या घ्यायला लागल्या. पण सरांनी सुरुवात मोटारीपासून केली नाही, मागापासून केली. साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा होता. त्याच्या गावात बायका घरोघरी हातमागावर विणायच्या. त्याची आईही. तिचे कष्ट पाहून त्यानं माग सुधारायला घेतला असं सांगतात. १८९१ मध्ये त्यानं सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट घेतलं आणि पुढं आयुष्यभर मागच सुधारत राहिला. १९२४ मध्ये तयार झालेल्या त्याच्या स्वयंचलित मागाची एक खुबी अशी होती की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. नाहीतर धागा तुटलेला असताना माग चालूच राहतो आणि हातभर कापड वाया जातं. मोटारीचा कारखाना त्यांच्या घराण्यानं नंतर काढला.

त्या मोटारकारखान्यात पुढं ताइइची ओनो नावाचे एक अधिकारी झाले. महायुद्धानंतर जपानकडं पैसा नव्हता, कच्चा माल नव्हता. अमेरिकेसारखे ढिगानं माल काढणारे कारखाने त्यांना परवडणारे नव्हते. मग आहे त्यातच भागवायचं म्हणून ओनोंनी वाया काय जातं ते शोधायला घेतलं. वाया जाण्याला जपानीत 'मुदा' म्हणतात. आमच्यातल्या एकीला ते 'मुद्दल' ऐकू आलं. चुकीचं ऐकलं, पण अर्थ बरोबर लागला तिला.

ओनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त माल काढणं, वाट बघत बसणं, उगाच इकडून तिकडं वाहतूक, नको तेवढी प्रक्रिया, माल साठवून ठेवणं, माणसाची उठबस आणि खराब निघालेला माल. सर म्हणाले, पाठ करू नका, घरी जाऊन बघा. ओनोंची बघायची पद्धतही सरांनी सांगितली. ते म्हणे कारखान्याच्या जमिनीवर खडूनं एक गोल काढायचे आणि नव्या अधिकाऱ्याला त्यात उभं करायचे. तासन्‌तास. काही करायचं नाही, फक्त बघायचं.

आणि दुसरी गोष्ट, जी आमच्या दोघींच्या काळजात रुतली. काही बिघडलं की ओनो पाच वेळा 'का' विचारायला लावायचे. त्यांचंच उदाहरण आहे. मशिन बंद पडलं. का? भार जास्त झाला आणि फ्यूज उडाला. भार का जास्त झाला? बेअरिंगला पुरेसं तेल मिळत नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी बसवलेली नव्हती, लोखंडाचा चुरा आत जात होता. नुसता फ्यूज बदलला असता तर काही महिन्यांत पुन्हा उडाला असता. सर एवढंच बोलले आणि चहाची सुट्टी झाली. आमच्यातली एक दुसरीला म्हणाली, "पाच वेळा 'का' विचारलं. 'कुणी' एकदाही नाही."

येताना एसटीत आम्ही दोघी गप्प होतो.

पुढच्या खेपेला आम्ही ठरवलं, मिरची बाजारातून आल्यापासून पाकिटात जाईपर्यंत प्रत्येक पायरीला काट्यावर घालायची. आधी आम्ही वजन दोनदाच करायचो. घेताना, आणि विकताना. मधल्या चार दिवसांत काय होतं ते वहीला ठाऊकच नव्हतं. जुना काटा वर-खाली व्हायचा, म्हणून एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा, शिक्का मारलेला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. आणि माडी त्याच मावशींची ठेवली. त्यासाठी आमच्यातल्या एकीला त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं. मावशी म्हणाल्या, "माडी वापरा. मी खाली येणार नाही."

आता हिशेब ऐका. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

व्यापाऱ्यानं वीस किलो मोजून दिली. आम्ही पोतं रिकामं करून काट्यावर ठेवलं. बारदान निघालं अर्धा किलो. मिरची साडेएकोणीसच किलो होती. दोन वर्षं आम्ही मिरचीच्या भावानं गोणपाट विकत घेत होतो! धान्य विकायला जातो तेव्हा बारदान वजा होतं हे आम्हा शेतकऱ्यांच्या घरच्या बायकांना ठाऊक होतं, पण घेणारे आपण झालो तेव्हा कुणाला सुचलं नाही.

पोत्याच्या तळाला माती, पांढरी पडलेली आणि बुरशी आलेली मिरची निघाली तीनशे ग्रॅम. ती टाकावीच लागते, त्यात कंजुषी नाही. देठ निघाले अकराशे ग्रॅम, आमच्या अंदाजापेक्षा शंभर ग्रॅम जास्त. मग मिरची माडीवर गेली. दोन उन्हं खाऊन खाली आली तेव्हा सातशे ग्रॅमनं हलकी झाली होती.

इथं आम्ही सगळ्या जणी काट्याभोवती उभ्या होत्या आणि कुणी काही बोललं नाही. सातशे ग्रॅम. मावशींच्या माडीवर दोन दिवस आमच्यातल्या दोघी आळीपाळीनं बसून होत्या, म्हणजे तिथं कुणी हात लावला नव्हता. पाणी होतं ते. उन्हानं नेलं. शिवारातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे की वाळलं की वजन घटतं, आणि आम्ही वहीत त्याच्यासाठी एक ओळ ठेवली नव्हती.

कांडपात गेली साडेचारशे ग्रॅम. का, ते पुढं सांगतो. राहिली १६ किलो ९५० ग्रॅम. पाकिटं भरली, ७९. बरोबर तेवढीच, जेवढी नेहमी व्हायची. पण १६ किलो ९५० ची तर ८४ व्हायला हवीत! मग एकेक भरलेलं पाकीट काट्यावर ठेवलं. कुणाचं २०५ ग्रॅम, कुणाचं २१०, एका वहिनींचं २१८. सरासरी २१२. पाकिटामागं बारा ग्रॅम आम्ही फुकट देत होतो, एका खेपेत साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास. भरताना चटईवर सांडून, झाडून टाकलेलं दीडशे ग्रॅम. उरले पन्नासेक ग्रॅम, त्यांचा हिशेब आजही लागलेला नाही. ते आमच्या शिंकांत उडाले असं आम्ही वहीत लिहिलंय.

बेरीज करा. बारदान पाचशे, खराब मिरची तीनशे, देठाचे जास्तीचे शंभर, ऊन सातशे, कांडप साडेचारशे, पाकिटातली वर घातलेली सुमारे साडेनऊशे, सांडलेली दीडशे, शिंकांची पन्नास. तीन किलो दोनशे. सोळा पाकिटं.

वहीत जो आकडा मावशींच्या नावापुढं लिहिला होता, तोच. ग्रॅमला ग्रॅम.

त्या संध्याकाळी आम्ही वही घेऊन मावशींकडं गेलो. बाकीच्या सगळ्या गेलो, दोघींचा जीव झाला नाही. एकीनं सगळा हिशेब वाचून दाखवला. मावशी गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, त्या मोडतच राहिल्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझं नाव कुठल्या पानावर आहे?" पान काढलं. त्या म्हणाल्या, "खोडू नका. खोडलेलं दिसतं. त्याच्याखाली आत्ता वाचलं ते सगळं लिहा, आणि खाली अकरा जणींच्या सह्या करा. माझी पण." आम्ही तसंच केलं. त्या अकरा सह्यांमध्ये दोन अंगठे आहेत. मग त्या म्हणाल्या की यापुढं वजनाचा काटा आत खोलीत ठेवायचा नाही, ओट्यावर ठेवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. काटा तेव्हापासून ओट्यावर आहे आणि वजनाची वही मावशींकडं. माफी मागितली का, असं विचाराल तर, हो, मागितली. त्यांनी ती घेतली की नाही ते आम्हाला सांगता येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हिशेब लागला, पण पैसे वाचले का? वाचले, पण सोळा पाकिटांचे नाही. हे नीट ऐका. ९५ हा आमचा आकडा मुळातच खोटा होता. देठ, ऊन, मशिनला चिकटणारं थोडंफार, हे जाणारच. त्याला आम्ही आता तूट म्हणत नाही, खर्च म्हणतो आणि भाव ठरवताना आधीच धरतो. मिरची नीट वाळली नाही तर तिखटाला बुरशी लागते, म्हणून उन्हाचे सातशे ग्रॅम वाचवायला जाणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पोटाशी खेळ. उलट आता आम्ही घेतानाच बघतो, मिरची हातात घेऊन हलवली की बी खुळखुळलं पाहिजे आणि वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. दमट मिरची घेतली तर पाण्याचे पैसे आपण मोजतो.

देठाचं गणित आम्ही वेगळं मांडलं. बिनदेठाची मिरची बाजारात मिळते. त्या वेळी देठासकट २४० रुपये किलो होती, बिनदेठाची २७०. वीस किलोतून देठ गेले की आपली मिरची किलोला २५४ ला पडते, वर देठ खुडायची मजुरी किलोला १५ रुपये. २६९ झाले. एका रुपयाचा फरक. बिनदेठाची घेतली तर अर्ध्या दिवसाचं काम वाचतं, आणि शिकवणाऱ्या सरांनी कदाचित तेच सांगितलं असतं. पण देठ खुडणाऱ्या आमच्या तिघी साठीच्या पुढच्या आहेत. त्यांना पोती उचलता येत नाहीत, कांडपाला जाता येत नाही. हाताला गोडं तेल चोळून, नाकाला पदर बांधून, बसून करण्यासारखं हेच एक काम. ते पंधरा रुपये किलोला त्यांच्या हातात पडतात. म्हणून देठ राहिले. बचत कुणाच्या खिशातून होते तेही बघावं लागतं, त्याबाबत आमच्यात अजून दोन मतं आहेत आणि ती असू देत.

कांडपाचं मात्र आम्ही पूर्ण बदललं. आधी एका खेपेची मिरची तीन वेळा न्यायचो, जशी वाळेल तशी. तीन वेळा रिक्षाचं भाडं. दर वेळी रांग, कारण हंगामात कांडपावर अख्खा तालुका असतो, दोघी जणी तीन-तीन तास बसून. आणि दर वेळी मशिनच्या उखळाला, चाळणीला दीडशे ग्रॅम चिकटून राहायचं, ते पुढच्याच्या मसाल्यात जायचं. साडेचारशे ग्रॅम झालं ते असं. आता सगळी एकदम, सकाळी सहाला, मशिन सुरू होताना नेतो. आदल्या दिवशी फोन करून. बरोबर स्वच्छ ब्रश नेतो आणि शेवटी उखळ झाडून आपलं आपण घेतो. दोनशे ग्रॅमवर आलं ते. आणि दोघींचे सहा तास वाचले, ते कुठल्याच वहीत नव्हते.

पाकिटांच्या बारा ग्रॅमसाठी आम्ही पाच 'का' विचारून पाहिले. पाकीट जड का? शेवटी एक चमचा वर घालतो म्हणून. वर का घालतो? कमी भरलं तर गिऱ्हाईक बोलेल ही भीती. भीती का? काट्याची सुई स्थिर राहत नाही. का नाही? काटा पंख्याखाली आणि पत्र्याच्या हलणाऱ्या डब्यावर ठेवलेला. तिथं का ठेवलाय? तिथं ठेवलाय कारण पहिल्या दिवशी तिथं ठेवला होता. पाचव्या 'का'ला आम्ही सगळ्या हसलो. आता फरशीचा तुकडा आहे, पंखा भरताना बंद, आणि रिकाम्या पाकिटाचं वजन आधी शून्य करून घेतो, कारण छापील वजन मालाचं असतं. २०२ ग्रॅम भरतो. जुन्या बायकांना हे जड गेलं. शीग लावून माप द्यायची सवय त्यांची. एक आक्का म्हणाल्या, "काट्यावर बरोबर मोजून देणं म्हणजे हात आखडल्यासारखं वाटतं." आम्ही त्यांना म्हणालो, आक्का, वरचं द्यायचं तर सगळ्यांना सारखं देऊ, एकाला पाच अन्‌ एकाला अठरा नको. ते त्यांना पटलं.

खडूचा गोलही काढला आम्ही. खोलीच्या कोपऱ्यात. आमच्यातली एक त्यात अर्धा तास उभी राहिली आणि पहिली दहा मिनिटं सगळ्या तिला हसत होत्या. तिला दिसलं ते एवढंच की पाकिटं मागं भिंतीशी भरली जातात आणि चिकटवायचं मशिन दाराशी आहे, कारण बटण दाराशी. गुडघे दुखणाऱ्या एक काकू प्रत्येक चार पाकिटांमागं उठत होत्या. खेपेला वीस वेळा उठबस. वायरमनला बोलावून बटण मागं घेतलं. चौघींचं चार तासांचं काम अडीच तासांवर आलं. काकू म्हणाल्या, "दोन वर्षं गुडघ्याला तेल लावत होते, बटणाला लावायला हवं होतं."

लिज्जत पापडाचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. तिथं पीठ एका ठिकाणी मळतात, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि पापड केंद्रावर आणून देतात. पीठ नेताना वजन, पापड आणताना वजन. घरी चार भिंतींच्या आत केलेल्या कामावर दुसरीला शंका घ्यायला जागा राहत नाही. आम्ही पापड आयुष्यभर खाल्ले, ही गोष्ट लक्षात घ्यायला काटा लागला.

एक चूक राहिली सांगायची. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहात चाळीस किलो कांदा-लसूण मसाला एकदम करून ठेवला. त्यात खोबरं, तीळ, तळलेला कांदा. दिवाळीपर्यंत खवट वास यायला लागला आणि नऊ किलो परत आला. ओनो गरजेपेक्षा जास्त माल काढण्याला सगळ्यात वाईट नासाडी म्हणायचे, कारण ढीग असला की बाकीच्या चुका त्याच्यामागं लपतात. अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानांच्या पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला होता. गिऱ्हाईक जेवढं उचलतं तेवढंच दुकानदार मागून भरतो, हे त्यांनी कारखान्यात आणलं, चिठ्ठ्या लावून. आपण घरात तांदळाच्या डब्याचं तेच करतो, तळ दिसायला लागला की पिशवी सांगतो. आता आम्ही ज्या तीन दुकानांत माल ठेवतो तिथं खालून दहाव्या पाकिटावर लाल पुठ्ठा ठेवलाय. पुठ्ठा वर आला की दुकानदार फोन करतो. तेवढाच मसाला कांडतो.

तर या वर्षीचा आकडा. पोतं वजा करून वीस किलो मिरची, व्यापाऱ्यासमोर पोत्याचा तळ उलटा करून बघितलेली. पाकिटं ८८. नऊ पाकिटं वाढली, खेपेला नऊशे रुपये. हंगामात दहा खेपा झाल्या, नऊ हजार. बँकेचा हप्ता वेळेवर गेला आणि वजनाचा काटा फिटला. उरलेल्या सात पाकिटांबद्दल आम्ही एका बाईला चोर ठरवलं होतं, ती पाकिटं कधी नव्हतीच.

एक प्रश्न मात्र आमचा सुटलेला नाही. देठ. खेपेला अकराशे ग्रॅम, हंगामाला अकरा किलो. पहिल्यांदा आम्ही ते पेटवून दिले आणि अख्ख्या गल्लीला खोकत घराबाहेर काढलं. सरपंचांनी येऊन हात जोडले. आता पोत्यात भरून ठेवलेत. मावशी म्हणतात, भिजवून त्याचं पाणी वांग्यावर फवारून बघू. दोन ओळींवर फवारलंय, दोन ओळी तशाच ठेवल्यात, आणि वांगी काट्यावर मोजणार आहोत. तुमच्यापैकी कुणी देठांचं काही करत असेल तर केंद्रावर फोन करून सांगा. आम्ही मंगळवारी दुपारी ओट्यावरच असतो.